उत्तीर्ण किती ?

गेल्या वर्षीं ज्येष्ठ महिन्याच्या अखेरीस साताऱ्यास आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं चार दिवस राहण्याचा योग आला. यादोगोपाळ पेठेंतील त्यांचें घर जुन्या वळणाचें आहे. दोघे भाऊ, त्यांचीं कुटुंबें, पंच्याऐंशीच्या घरांतील मातोश्री आणि मुलेंबाळें अशीं बारा-तेरा माणसें अद्यापि एका चुलीवर जेवतात. आम्ही पोंचलों तेव्हां माजघरांत सतरंजीवर कॉलेजांचीं रंगीत माहितीपत्रकें पसरलेलीं होतीं, व त्यांच्याभोंवतीं सर्व मंडळी संहितेच्या पारायणास बसावें तशी गंभीर होऊन बसली होती. धाकट्या बंधूंची कन्या बी.ए. झाली, प्रवेशपरीक्षाही देऊन झाली. आतां कायद्याकडे जावें कीं बी.एड. करून शिक्षिका व्हावें, आणि अर्जांत कॉलेजांचा क्रम कसा लावावा, हा प्रश्न होता.

"मास्तर, अगदीं वेळेवर आलांत," आमचे स्नेही नाना म्हणाले. "तुमचा जन्म शाळेंत गेला. तुम्हीच निवड करून द्या."

आम्ही चष्मा लावून एकेक पत्रक वाचूं लागलों. इमारतीचें चित्र, संस्थापकांचें चित्र, ग्रंथालयांतील पुस्तकांची संख्या, क्रीडांगणाचें क्षेत्रफळ, वसतिगृहांतील गरम पाण्याची सोय, सहलींचे फोटो, आणि विद्यापीठांत पहिल्या आलेल्या एका विद्यार्थिनीस कोणा पाहुण्याच्या हस्ते पुष्पगुच्छ देतांनाचें दृश्य, असें सर्व कांहीं तींत होतें. नव्हतें तें एकच. या कॉलेजांतून बाहेर पडलेल्या मुलांपैकीं वकिलीच्या सनदेची किंवा शिक्षक पात्रतेची परीक्षा किती जण बसले आणि किती उत्तीर्ण झाले, हें एकाही पत्रकांत छापलेलें नव्हतें. आम्ही तें बोलून दाखवितांच नानांच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतों, वाती वळतां वळतां म्हणाल्या, "आंब्याची पेटी घेतांना वरचाच थर बघून पैसे मोजतों का रे आपण? तळचा एक तरी काढून दाबून बघतोंच ना? मग ह्या पेटीचा तळ कुठें आहे?"

माईंच्या या प्रश्नास उत्तर मिळवावें म्हणून आम्हीं जुन्या संवयीप्रमाणें पत्रें लिहिलीं. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील कायद्याचीं व शिक्षणशास्त्राचीं मिळून पांच कॉलेजें निवडलीं आणि प्रत्येकास एकच प्रश्न विचारला: गेल्या तीन वर्षांत आपल्या किती पदवीधरांनीं परवान्याची परीक्षा दिली व त्यांतील किती पहिल्या खेपेस उत्तीर्ण झाले? उत्तरासाठीं तिकीट लावलेला लिफाफाही सोबत जोडला. दोन ठिकाणांहून कांहींच आलें नाहीं. एकाकडून तेंच रंगीत पत्रक पुन्हां आलें, आमच्याच लिफाफ्यांतून. चौथ्या कॉलेजांतून दूरध्वनि आला. बोलणाऱ्या गृहस्थांनीं प्रथम आम्ही कोणत्या वर्तमानपत्राचे अशी विचारणा केली, आम्ही निवृत्त शिक्षक आहों हें ऐकून त्यांचा स्वर निवळला व ते म्हणाले, "गुरुजी, विद्यापीठाचा निकाल विचारा, तो सांगतों. ही दुसरी परीक्षा आमची नव्हे. मुलें पदवी घेऊन गेलीं कीं आमचा संबंध संपला." पांचव्या पत्राचें उत्तर पुष्कळ उशिरां आलें, त्याविषयीं पुढें सांगूं.

"आमची परीक्षा नव्हे" हें उत्तर वरवर पाहतां खोटें नाहीं. पदवी देतें विद्यापीठ, आणि धंद्याचा परवाना देते दुसरीच संस्था. पूर्वीं या दोहोंत फारसें अंतर नव्हतें, एलएल.बी. झाला कीं काळा डगला चढवावा व कोर्टाची पायरी चढावी अशी रीत होती. बार कौन्सिल ऑफ इंडियानें २०१० सालीं अखिल भारतीय बार परीक्षेचे नियम केले व २०११ च्या मार्चमध्यें पहिली परीक्षा घेतली. शंभर प्रश्न, टीपा नसलेलीं कायद्यांचीं मूळ पुस्तकें जवळ ठेवण्याची मुभा, आणि खुल्या वर्गास शेंकडा ४५ गुणांची अट. या परीक्षेविरुद्ध बरींच वर्षें दावे चालले. अखेर १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें अशी परीक्षा घेण्याचा कौन्सिलास अधिकार आहे असा निर्णय दिला. तेव्हां आतां पदवीचा कागद हातीं असला तरी ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावांचून कायमची वकिली करतां येत नाहीं.

शिक्षकांची गोष्ट याहून कठीण. बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ सालीं झाला. त्याला अनुसरून २०१० च्या ऑगस्टमध्यें पहिली ते आठवीच्या शिक्षकांस पात्रता परीक्षा आवश्यक ठरली, आणि आपल्या राज्यांत पुण्याच्या परीक्षा परिषदेनें ती २०१३ पासून घेण्यास आरंभ केला. १५० गुणांपैकीं खुल्या वर्गाच्या उमेदवारास ९० मिळवावे लागतात. २०२१ व २०२४ या दोन्ही वर्षांच्या नोव्हेंबरांत झालेल्या परीक्षांचा एकंदर निकाल शेंकडा चारांच्याही आंत आहे. शंभर शिक्षित माणसें बसतात, तींही बहुतेक अध्यापनाची पदविका किंवा पदवी घेतलेलीं, आणि त्यांतील शहाण्णवांहून अधिक परत जातात. मध्यंतरीं २०१९-२० च्या परीक्षेंत पैसे घेऊन गुण वाढविल्याचें २०२१ च्या अखेरीस उघडकीस आलें व साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरले. त्या प्रकरणाची चर्चा गांवोगांव झाली. पण हीं सारीं माणसें कोणत्या अध्यापक विद्यालयांतून शिकून आलीं, तेथें दोन वर्षें त्यांना काय शिकविलें, हा प्रश्न विचारलेला आम्हीं तरी ऐकला नाहीं.

कॉलेजवार आंकडे नसल्यानें एक अन्याय असाही होतो कीं, चांगल्या विद्यालयासही त्याच शेंकडा चारांचा काळिमा लागतो. साताऱ्यास शिक्षक घडविण्याची परंपरा जुनी आहे. रयत शिक्षण संस्थेनें १९३५ सालीं येथें ट्रेनिंग कॉलेज काढलें, तेव्हां खेड्यांना शिक्षक हवे होते. पुढें शिक्षकांनाच जागा हव्या असा काळ आला, आणि मधल्या वर्षांत डी.एड. विद्यालयांचें असें पीक आलें कीं, महाराष्ट्रांतील २९१ संस्थांच्या मान्यतेचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व त्यांतूनच २०११ सालीं न्यायमूर्ति जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग बसला. ज्या घरांनीं त्या भरांत मुलींचे दागिने मोडून प्रवेश घेतले, त्यांना तेव्हां कोणतें विद्यालय खरें व कोणतें नांवापुरतें, हें ओळखण्याचें साधन काय होतें? इमारतीचा रंग.

या बाबतींत एक विलक्षण विसंगति आम्हांस आमच्याच कुटुंबांत पाहावी लागली. सांगलीस विश्रामबागेंत आमचे चुलतबंधु राहतात. त्यांच्या मुलाला डॉक्टर व्हावयाचें होतें. मिरजेचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तेथें प्रवेश मिळण्याइतके गुण पडले नाहींत, व खाजगी कॉलेजाची फी पेलण्यासारखी नव्हती. एका हॉटेलांत परदेशीं वैद्यकीय शिक्षणाविषयीं व्याख्यान होतें म्हणून पितापुत्र गेले. सुटाबुटांतील एजंटानें पडद्यावर बर्फांतली सुंदर इमारत दाखविली, भारतीय जेवणाची सोय दाखविली, "मान्यताप्राप्त" हा शब्द दहा वेळां उच्चारला. बंधूंनीं निवृत्तीचे पैसे आणि मिरजेच्या वाटेवरचा एक भूखंड यांची तोंडमिळवणी करून मुलास पाठविलें. मुलगा कष्टाळू आहे. तेथील परीक्षा वेळच्या वेळीं उत्तीर्ण होऊन पदवी घेऊन आला. परंतु परदेशांत वैद्यकी शिकून आलेल्यांस येथें धंदा करण्यापूर्वीं एक चाळणी परीक्षा द्यावी लागते. ती २००२ सालापासून आहे व तींत ३०० पैकीं १५० गुण लागतात. त्या परीक्षेंत तो तीनदां अनुत्तीर्ण झाला. सध्यां पुण्यास एका खोलींत राहून चौथ्या खेपेचा अभ्यास करतो. गणपतींत घरीं येतो तेव्हां पाहुणे आले कीं तो माडीवरून खालीं उतरत नाहीं.

आतां विसंगति ती ही. या चाळणी परीक्षेचा निकाल घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळानें देशवार व कॉलेजवार तक्ते छापलेले आहेत. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत ६१,७०८ जण बसले व ८,७६४ उत्तीर्ण झाले, म्हणजे शेंकडा चौदांच्या जरा वर. चीनमधून आलेल्यांत शेंकडा बारांच्या आसपास, रशियाचे तेरा, युक्रेनचे पंधरा, बांगलादेशाचे सत्तावीस. देशांच्या खालीं प्रत्येक कॉलेजाचें नांव, बसलेले किती, उत्तीर्ण किती. आमच्या बंधूंनीं तो तक्ता पाहिला तो मुलगा परत आल्यानंतर. ते ज्या कॉलेजासाठीं भूखंड विकून बसले, त्याच्या नांवासमोरचा आंकडा त्यांनीं बोटानें दाखविला आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. एजंटानें तो दाखविला नव्हता हें खरें. पण मागावा असें घरांतल्या कोणास, आम्हांसही, सुचलें नव्हतें. आम्ही त्या वेळीं मुलाच्या पाठीवर हात ठेवून आशीर्वाद देऊन मोकळे झालों होतों.

म्हणजे हजारों कोसांवरच्या बर्फाळ प्रदेशांतल्या कॉलेजाचा आंकडा विश्रामबागेंत बसून पाहतां येतो, आणि विश्रामबागेंतून चालत जातां येईल अशा कायद्याच्या अगर शिक्षणशास्त्राच्या कॉलेजाचा पाहतां येत नाहीं! परक्याच्या मालास चिठ्ठी चिकटविण्याची सक्ती, व घरच्या मालास मोकळीक. देशांतल्या वैद्यकीय पदवीधरांसाठींही एक समान निर्गम परीक्षा असावी असें २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यांत लिहिलेलें आहे; ती सुरू झाली असती तर घरच्या कॉलेजांचीही तुलना झाली असती. २०२३ सालीं ती पुढें ढकलण्यांत आली.

इतकें लिहिल्यावर एक गोष्ट कबूल करणें आम्हांस भाग आहे, कारण आंकडे छापण्याचा आग्रह आम्ही धरतों तो आंकड्यांवर भोळा विश्वास ठेवून नव्हे. उत्तीर्णांचें प्रमाण छापून येऊं लागलें कीं त्याचें काय करतात, तें आम्हीं स्वतःच्या हातांनीं केलेलें आहे.

१९९० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही ज्या शाळेंत होतों तिचा दहावीचा निकाल त्या वर्षीं शंभर टक्के लागण्याचा संभव दिसत होता. अडचण एकाच मुलाची होती. बाजारांत हमाली करणाऱ्याचा तो मुलगा, स्वभावानें गोड, संस्कृतचीं सुभाषितें तालावर म्हणणारा. पण इंग्रजी व गणित यांत पूर्वपरीक्षेला दोन्हीकडे नापास. शाळेच्या चालकांनीं आम्हांस बोलावून सांगितलें कीं, त्यास सतरा नंबरचा फॉर्म भरावयास लावा. वाचकांस हा फॉर्म ठाऊक असेलच: शाळेच्या नांवावर न बसतां बाहेरून बसण्याचा. आम्ही वर्गशिक्षक, तेव्हां आम्हीच त्याच्या घरीं गेलों. बापानें आम्हांस खाटेवर बसविलें, चहा दिला, आणि आम्हीं सांगितलें तेथें अंगठा उठविला. "मास्तर म्हणतात म्हंजी चांगलंच असंल," एवढेंच तो बोलला. निकाल शंभर टक्के लागला. वर्तमानपत्रांत शाळेचें नांव आलें, पेढे वांटले, आमच्याही गळ्यांत हार पडला. तो मुलगा बाहेरून परीक्षेस बसलाच नाहीं. आतां तो पन्नाशीच्या आंतबाहेर असेल. सांगलीच्या मार्केट यार्डांत हळदीचीं पोतीं वाहणारा टेम्पो चालवितो, आणि आम्ही दिसलों कीं टेम्पो थांबवून पायां पडतो. त्याचा आशीर्वादाचा हक्क आम्हीं कधीं नाकारला नाहीं, पण तो वांकला कीं आम्हांस त्याच्या डोक्यावरून दुसरीकडे पाहावेंसें वाटतें.

हें आपल्याकडेच घडतें असें मात्र नाहीं. अमेरिकेंत १९९८ सालीं उच्च शिक्षणाच्या कायद्यांत दुरुस्ती करून शिक्षक तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेनें आपल्या पदवीधरांच्या परवाना-परीक्षेचें प्रमाण जाहीर केलेंच पाहिजे असें ठरविलें. कायदा उत्तम. परंतु पुष्कळ संस्थांनीं युक्ति अशी काढली कीं, परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय आपला अभ्यासक्रम पुरा झाला असें मानावयाचेंच नाहीं. जो नापास तो मुळीं आमचा पदवीधरच नव्हे! झालें, त्या सर्व संस्थांचा निकाल शंभर टक्के. आमच्या सतरा नंबरच्या फॉर्माचेंच हें सातासमुद्रांपलीकडचें भावंड. पुढें २००८ सालीं तेथें कायदा पुन्हां दुरुस्त करून नुसत्या प्रमाणाबरोबर सरासरी गुण इत्यादि माहितीही मागण्यांत आली. परिचारिकांच्या परीक्षेचे शाळावार आंकडे तेथील राज्यांचीं मंडळें स्वतःच छापतात. कॅलिफोर्नियांत पहिल्या खेपेचें प्रमाण शेंकडा ७५ च्या खालीं राहूं लागलें तर शाळेची मान्यता धोक्यांत येते. कायद्याच्या कॉलेजांसही २०१९ पासून पदवीनंतर दोन वर्षांच्या आंत शेंकडा ७५ उत्तीर्ण झाले पाहिजेत अशी अट आहे. परिचारिकांच्या बाबतींत तेथें आंकडा शाळेच्या तोंडून न घेतां परीक्षा घेणाराच्या दप्तरांतून घेतात, हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे.

आणखी मागें जावयाचें तर एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतून आपल्या मुंबई इलाख्यांत आलेली "निकालाप्रमाणें अनुदान" ही पद्धति आठवावी. इन्स्पेक्टर यावा, मुलांची परीक्षा घ्यावी, जितकीं पास तितके रुपये शाळेस मिळावे. त्या काळच्या पंतोजींनीं मुलांकडून प्रश्नोत्तरें पोपटासारखीं घोकून घेतलीं यांत नवल तें काय? विसाव्या शतकाच्या आरंभीं ती पद्धति सोडून द्यावी लागली. पैसा आंकड्यास बांधला कीं आंकडा वांकतो. म्हणून आंकडा लोकांस दिसावा, पण अनुदान त्यावर टांगूं नये, असें आमचें मत आहे. येथें अमेरिकेच्या पुढच्या पावलाचें अनुकरण करण्याची घाई नको.

गुरूची परीक्षा शिष्यावरून घ्यावी ही कल्पना आपणांस नवी नाहीं. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो तो याच मार्गानें सोडविण्याचें ठरतें: दोघांनीं आपापल्या शिष्येचें नृत्य दाखवावें. शिष्य मंद असला तर तो दोष गुरूचा कां, ही शंकाही तेथें निघते, आणि अपात्र शिष्य पत्करण्यांतही गुरूचा अविचार दिसतो असें तिला उत्तर मिळतें. आमचे गुरुजी हा प्रवेश शिकवितांना हटकून हंसत, कारण पुढें काय होतें तें त्यांना ठाऊक असे. गणदासाची मालविका नाचून जाते, राजास जें पाहावयाचें तें पाहून होतें, आणि हरदत्त पुढें सरसावतो तों वैतालिक मध्यान्ह झाल्याची घोषणा करतो. हरदत्ताची पाळी उद्यांवर जाते. परीक्षकाचें मन दुसरीकडेच असलें म्हणजे परीक्षेची ती गति. कॉलेजांचीं पत्रकें पाहतांना आम्हांस वाटतें, आपणांसही नेहमीं एकच मालविका दाखविली जाते, तो पुष्पगुच्छ घेणारी.

तेव्हां मागणें एवढेंच कीं, परीक्षा परिषदेनें आणि बार कौन्सिलनें दरसाल प्रत्येक कॉलेजाच्या नांवासमोर चार आंकडे छापावे. त्या वर्षींच्या तुकडींत पहिल्या वर्षास प्रवेश घेतलेले किती; पदवी मिळालेले किती; परवान्याच्या परीक्षेस प्रथमच बसलेले किती व त्यांत उत्तीर्ण किती; आणि तीन वर्षांच्या आंत, कितीही खेपांनीं कां होईना, उत्तीर्ण झालेले किती. पहिला आंकडा असला म्हणजे सतरा नंबरच्या फॉर्मास जागा उरत नाहीं. वाटेंत गळालेला मुलगा तेथें दिसतोच. सनदेच्या अर्जाबरोबर पदवीपत्र जोडावेंच लागतें, म्हणजे कोण कोठून आला ही माहिती दप्तरांत आहे, ती फक्त जुळवावयाची आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याच्या चौथ्या कलमांत सार्वजनिक संस्थांनीं कोणी न मागतांही माहिती प्रसिद्ध करीत जावें असें सांगितलेलेंच आहे. कोणी म्हणेल, नॅकच्या मूल्यांकनांत हें येतेंच. येतें, पण तेथें नेट, गेट, स्पर्धापरीक्षा सर्व एका टोपलींत, आणि टोपली भरणार कॉलेज स्वतः. गंमत अशी कीं, खाजगी शिकवणीवर्गांनीं यशस्वी उमेदवारांचे फोटो छापून खोटे दावे करूं नयेत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२४ च्या नोव्हेंबरांत नियम काढले. क्लासवाल्यास जो दंडक, तो कॉलेजास कां नसावा, हें आम्हांस समजत नाहीं.

या मागणीवर एक आक्षेप आम्ही गंभीर मानतों. जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांतलें कॉलेज ज्या मुलांना घेतें, तीं घरांत पहिल्यांदाच कॉलेजाचें तोंड पाहणारीं असतात. त्यांचा निकाल पुण्याच्या कॉलेजाशेजारीं छापला तर लोक त्या कॉलेजास नांवें ठेवतील, आणि मग तें कॉलेज दुबळ्या मुलाला दाराबाहेर ठेवूं लागेल. भीति खरी आहे. आम्हीं त्या हमालाच्या मुलास दाराबाहेर ठेवलें तें याच भीतीनें. यावर उपाय म्हणून प्रवेशपरीक्षेंतील सरासरी गुणही त्याच ओळींत छापावे, म्हणजे कोणतें कॉलेज किती खालून मुलाला उचलून कोठपर्यंत नेतें तें दिसेल. चाळीस गुणांचा मुलगा घेऊन त्यास सनद मिळवून देणारें माणदेशांतलें कॉलेज, नव्वदांचा घेऊन तेंच करणाऱ्या पुण्याच्या कॉलेजाहून आमच्या मतें मोठें. तरीही कांहीं लोक फक्त शेवटचाच आंकडा वाचतील. त्याला इलाज नाहीं. पण आज ते तेवढाही वाचत नाहींत, इमारतीचा रंग वाचतात.

आतां तें पांचवें पत्र. श्रावणांत आलें, एका लहान गांवांतल्या कायद्याच्या कॉलेजाच्या प्राचार्यांनीं स्वहस्तें लिहिलेलें. तीन वर्षांचे आंकडे त्यांनीं दिले होते. विद्यार्थ्यांना एकेकास विचारून जमविले आहेत, कांहीं जणांचा पत्ता लागला नाहीं, असेंही प्रांजळपणें नमूद होतें. पहिल्या खेपेस उत्तीर्ण झालेले निम्म्याहून कमी. कारणेंही लिहिलीं होतीं: पुष्कळ मुलें दिवसा कामावर जातात, इंग्रजींतील मूळ कायदा वाचण्याचा सराव नाहीं, दोन अध्यापकांच्या जागा भरलेल्या नाहींत. यंदा आपण शनिवारीं संध्याकाळीं मूळ कायदे मोठ्यानें वाचण्याचा वर्ग सुरू केला आहे, असें शेवटीं होतें. आम्हीं तें पत्र नानांकडे पाठविलें. घरांत दोन तट पडले. नानांच्या मतें निम्मे नापास होतात हें ज्यानें स्वतः लिहून दिलें त्याच्या कॉलेजांत मुलीस घालणें म्हणजे वेडेपणा. मुलीचे वडील कांहीं बोलत ना. मुलीनें मात्र पत्र दोनदां वाचलें आणि विकल्पांच्या क्रमांत तेंच कॉलेज पहिलें लिहिलें. "बाकीच्यांचा आंकडा याहून चांगला आहे असें तरी कुठें कोणी म्हटलेंय, नानाकाका?" असें ती म्हणाल्याचें आम्हांस मागाहून कळलें.

दिवाळींत आम्ही पुन्हां साताऱ्यास गेलों होतों. त्या घरांत एक नवीनच अभ्यास सुरू झालेला दिसला. मुलीची आई बावीस वर्षें एका प्राथमिक शाळेंत शिकवीत आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका दाव्यांत, असा निर्णय दिला कीं, ज्यांच्या निवृत्तीस पांच वर्षांहून अधिक अवकाश आहे अशा जुन्या शिक्षकांनींही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावें. त्यामुळें रात्रीं जेवणें आटोपलीं कीं माजघरांत एकाच दिव्याखालीं मायलेकी दोघी बसतात. लेक मोठ्यानें कलमें वाचते, आई बालमानसशास्त्राचीं पानें उलटते. माई जवळच वाती वळीत असतात. आम्ही निरोप घ्यावयास गेलों तेव्हां त्यांनीं सुनेकडे पाहून आम्हांस हळूच विचारलें, "मास्तर, हिच्या परीक्षेला पास किती होतात हो?" आम्हीं आंकडा सांगितला नाहीं, सुनेनेंच पुस्तकांतून मान वर न करतां सांगितला.